आईचं व्हिटॅमिन डी पुन्हा खाली का आलं, आणि आता काय करायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आईंचं वय ७६. वर्षभरापूर्वी व्हिटॅमिन डी १४ निघालं. दर आठवड्याला ६०,००० युनिट असं आठ आठवडे औषध दिलं, पातळी ४१ झाली, म्हणून औषध बंद केलं. आता पुन्हा १७ आहे आणि मधल्या काळात त्या दोनदा पडल्या. मग तोच कोर्स परत करायचा, की सहा लाख युनिटचं एकच इंजेक्शन देऊन मोकळं व्हायचं? शिवाय ८२ वर्षांच्या वडिलांची ही तपासणी कधीच झालेली नाही. त्यांना काही त्रास नाही, तरी करावी का?

आधी उत्तर देतो. इंजेक्शन नको. आठ आठवड्यांच्या कोर्सचीही बहुधा गरज नाही. आईंना रोज १००० युनिट डी३ (व्हिटॅमिन डीचाच एक प्रकार), जेवणाबरोबर, आणि ते न थांबवता. वडिलांना तपासणी न करताही रोज ८०० ते १००० युनिट सुरू करता येतं, पण त्याआधी त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीचं नाव, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि कॅल्शियम पाहावं लागेल. हे सगळं त्यांच्या डॉक्टरांशी बोलूनच करायचं. मात्र बोलताना काय विचारायचं ते कळावं म्हणून कारणं सविस्तर लिहितो.

आईंची पातळी खाली आली यात औषध लागू पडलं नाही असं काही नाही. आठ डोस म्हणजे ४,८०,००० युनिट, आणि त्याने पातळी २७ ने वाढली, म्हणजे शोषण व्यवस्थित होतंय. रक्तात आपण जे मोजतो त्या २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डीचं अर्धायुष्य साधारण दोन ते तीन आठवडे असतं. चरबीत साठलेलं व्हिटॅमिन हळूहळू बाहेर येत राहतं म्हणून घसरण त्याहून जरा संथ होते, पण काही महिन्यांत पातळी मूळ पदावर येतेच. ज्या कारणाने १४ झालं होतं ते कारण तिथेच होतं. कोर्स हा खड्डा भरण्यापुरता असतो. त्यानंतरचा रोजचा छोटा डोस लिहून द्यायचा राहतो किंवा लिहिलेला असूनही घरात थांबवला जातो, हीच सगळ्यात नेहमीची चूक.

मूळ कारण बहुतेक वेळा वय आणि घरात बसणं हेच असतं. त्वचेतल्या ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉलपासून उन्हात हे व्हिटॅमिन बनतं आणि वयाबरोबर त्वचेतलं हे द्रव्यच कमी होत जातं. तेवढ्याच उन्हात सत्तरीपुढच्या माणसाच्या त्वचेत तरुणाच्या निम्म्याहूनही कमी व्हिटॅमिन तयार होतं. त्यात लोक आजी-आजोबांना सकाळच्या कोवळ्या उन्हात बसवतात. बसायला ते सुखाचं असतं, पण व्हिटॅमिन डीसाठी त्याचा जवळजवळ उपयोग नाही. लागणारे यूव्हीबी किरण २९० ते ३१५ नॅनोमीटरचे असतात आणि सूर्य खाली असताना ते वातावरणातच अडतात. सोपी खूण अशी की स्वतःची सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडत असेल तरच त्या उन्हाने काही बनेल. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन तर धरूच नका, काच हे किरण अडवते. मग भर दुपारी बसवायचं का? या वयात उष्णतेचा आणि त्वचेचा धोका लक्षात घेता मी तरी गोळीच पसंत करतो. अन्नातून मिळणारं प्रमाणही तुटपुंजं असतं: तेलकट मासे, अंड्याचा बलक आणि व्हिटॅमिन मुद्दाम मिसळलेलं दूध एवढीच यादी.

आता १७ या आकड्याकडे बघू. आधी एकक तपासा. नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि नॅनोमोल प्रति लिटर अशी दोन एककं वापरात आहेत, आणि पहिल्याला अडीचने गुणलं की दुसरं येतं. म्हणजे १७ नॅनोग्रॅम म्हणजे साधारण ४२ नॅनोमोल. एक रिपोर्ट एका एककात आणि पुढचा दुसऱ्यात आला की पातळी अचानक वाढल्याचा किंवा कोसळल्याचा भास होतो. दुसरं, तपासणी कोणती केली ते पाहा. २५-हायड्रॉक्सी हीच बरोबर. १,२५-डायहायड्रॉक्सी ही वेगळी आणि महागडी तपासणी कधी कधी चुकून लिहिली जाते. कमतरता ओळखायला ती निरुपयोगी आहे, कारण व्हिटॅमिन कमी पडलं की पॅराथॉर्मोन, म्हणजे पॅराथायरॉइड ग्रंथीचं संप्रेरक, वाढतं आणि ते हा आकडा नॉर्मल किंवा चढाच ठेवतं.

किती असावं यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०११ साली २० नॅनोग्रॅम बहुतेक सगळ्यांना पुरेसं मानलं आणि १२ च्या खाली कमतरता धरली. त्याच वर्षी एंडोक्राइन सोसायटी या संप्रेरक-तज्ज्ञांच्या संघटनेने ३० ही रेघ आखली आणि लॅबच्या रिपोर्टवर आजही तीच छापलेली दिसते. त्यामुळे २४ किंवा २७ आलं की समोर ‘अपुरे’ असा शिक्का येतो आणि घरात घबराट होते. त्याच सोसायटीने २०२४ मध्ये या रेघांचा पाठपुरावा सोडून दिला. निरोगी प्रौढांची सरसकट तपासणी करू नका असं सांगितलं आणि ७५ च्या पुढच्या सगळ्यांना तपासणी न करता पूरक डोस द्यावा असं सुचवलं, कारण त्या वयोगटात मृत्यूचं प्रमाण किंचित कमी झालेलं दिसलं. त्या प्रयोगांतला सरासरी डोस होता रोज सुमारे ९०० युनिट. तेव्हा वृद्धांसाठी माझा हिशेब साधा आहे: १२ च्या खाली असेल तर उपचार हवेतच, १२ ते २० मध्ये रोजचा डोस सुरू करायचा, २० च्या वर असेल तर रोजचा डोस चालू ठेवायचा आणि आकड्याच्या मागे धावायचं नाही.

आकडा फसवतो कुठे, तेही सांगतो. ताप, न्यूमोनिया किंवा ऑपरेशननंतर काही आठवडे ही पातळी खाली दिसते, म्हणून आजारपणात मोजू नये. केसांसाठी ५ किंवा १० मिलिग्रॅम बायोटिन घेत असाल तर काही यंत्रांवर आकडा खोटा वाढलेला येतो; दोन-तीन दिवस आधी ते बंद ठेवा. दोन वेगळ्या लॅबचे आकडे एकमेकांशी ताडू नका. आणि आठवड्याची पुडी घेतल्यावर दुसऱ्याच दिवशी रक्त दिलं तर तो शिखराचा आकडा असतो. पुढची पुडी घ्यायच्या दिवशी, ती घेण्याआधी रक्त द्यावं. आईंचं ४१ त्या शेवटच्या डोसनंतर नेमकं कधी मोजलं होतं हे पाहिलंत तर बरं.

आकड्याहून महत्त्वाचं म्हणजे हाडं खरोखर मऊ झाली आहेत का, म्हणजेच ऑस्टिओमलेशिया आहे का. याची चाहूल घरीही लागते. आईंना हात नसलेल्या खुर्चीवर बसवा, खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर बांधायला सांगा आणि न थांबता पाच वेळा उठून बसायला सांगा. तुम्ही शेजारी उभे राहा. १५ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला, किंवा हाताचा आधार घेतल्याशिवाय उठताच आलं नाही, तर मांड्यांची ताकद कमी झाली आहे. मग नडगीच्या हाडावर पुढच्या बाजूने अंगठ्याने बेताने दाबा. नुसत्या दाबाने खोल, बोथट कळ आली, जिना चढणं जड जात असेल आणि चाल डोलत असेल, तर डॉक्टरांना कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, क्रिएटिनिन आणि पॅराथॉर्मोन एकत्र तपासायला सांगा. फॉस्फरस कमी, अल्कलाइन फॉस्फटेज आणि पॅराथॉर्मोन वाढलेलं असं चित्र आलं तर प्रकरण रोजच्या १००० युनिटने भागणारं नाही. तिथे आठवड्याला ५०,००० किंवा ६०,००० युनिट सहा ते आठ आठवडे, सोबत कॅल्शियम, असा भरणा करावा लागतो.

भरणा लागतो अशी दुसरी परिस्थिती ठिसूळ हाडांच्या औषधांची. आईंना झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचं सलाईन किंवा डेनोसुमॅबचं इंजेक्शन द्यायचं ठरत असेल तर त्याआधी व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम दोन्ही सुधारून घेतलेच पाहिजेत. ही औषधं हाडातून कॅल्शियम बाहेर पडणं एकदम रोखतात. साठा रिकामा असताना ती दिली तर रक्तातलं कॅल्शियम घसरतं, तोंडाभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, पेटके येतात. मूत्रपिंड कमजोर असलेल्यांमध्ये डेनोसुमॅबनंतर ही घसरण जिवावर बेतू शकते. यांपैकी काहीच नसेल तर १७ साठी घाई नाही. रोजच्या १०० युनिटमागे पातळी साधारण १ नॅनोग्रॅमपर्यंत वाढते, म्हणजे १००० युनिटने तीन महिन्यांत आई २५ च्या आसपास पोचतील आणि तिथेच टिकतील.

आता इंजेक्शन का नको, हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. एकदाच मोठा डोस दिला की वर्षभर निश्चिंती, हे ऐकायला सोयीचं आहे, पण वृद्धांमध्ये ते करून पाहिलं गेलंय आणि नुकसान झालंय. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या २,२५६ स्त्रियांना वर्षातून एकदा ५ लाख युनिट किंवा बनावट गोळी (दिसायला तशीच, पण औषध नसलेली) दिली गेली. २०१० मध्ये निकाल आला: औषध घेतलेल्या स्त्रिया १५ टक्के जास्त पडल्या आणि त्यांची हाडं २६ टक्के जास्त मोडली. डोसनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत, म्हणजे पातळी सर्वात उंच असताना, पडणं जास्त होतं. पुढे २०१६ मध्ये झुरिकच्या अभ्यासात आधी कधीतरी पडलेल्या, सत्तरीपुढच्या २०० जणांना महिन्याला २४,००० किंवा ६०,००० युनिट दिले. वर्षभरात २४,००० वाल्यांपैकी सुमारे ४८ टक्के पडले, ६०,००० वाल्यांपैकी सुमारे ६७ टक्के. तुमच्या आई नेमक्या याच वर्णनात बसतात: सत्तरीपुढच्या आणि पडलेल्या. एकदम मोठा डोस आला की शरीर व्हिटॅमिन मोडणारं एन्झाइम आणि एफजीएफ-२३ हे संप्रेरक वाढवतं, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. कारण काहीही असो, पडलेल्या वृद्धाला मोठा डोस देऊ नये हे मी ठामपणे सांगतो. रोज घेऊनही डोस फार वाढवण्यात लाभ नाही. २०१९ च्या एका प्रयोगात तीन वर्षं रोज ४००, ४,००० आणि १०,००० युनिट दिले, तेव्हा मोठ्या डोसच्या गटांत हाडांची घनता उलट कमी दिसली.

मग व्हिटॅमिन डीने फ्रॅक्चर टळतात की नाही? दोन प्रयोग शेजारी ठेवले की उलगडा होतो. फ्रान्समध्ये वृद्धाश्रमांतल्या ३,२७० स्त्रियांना, सरासरी वय ८४, रोज ८०० युनिट आणि १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम दिलं. १९९२ च्या निकालात खुब्याचे फ्रॅक्चर ४३ टक्के कमी झाले. अमेरिकेत व्हायटल नावाच्या प्रयोगात २५,८७१ लोकांना साधारण पाच वर्षं रोज २,००० युनिट किंवा बनावट गोळी दिली. २०२२ मध्ये छापलेल्या निकालात फ्रॅक्चरमध्ये काहीच फरक नव्हता. पहिल्या गटात अतिवृद्ध, घरात बंद, कॅल्शियमही कमी खाणाऱ्या बायका होत्या. दुसऱ्या गटाची सुरुवातीची सरासरी पातळीच ३० च्या आसपास होती. कमतरता असेल त्याला फायदा, भरलेल्याला आणखी भरून काही नाही. आई पहिल्या गटाच्या जवळ आहेत.

औषध घेण्याच्या बारकाव्यांकडे येतो. डी३, म्हणजे कोलेकॅल्सिफेरॉलच घ्या. डी२ रक्तात कमी टिकतं आणि काही लॅब-यंत्रं ते नीट मोजतही नाहीत. हे व्हिटॅमिन स्निग्ध पदार्थात विरघळतं, म्हणून दिवसातल्या मोठ्या जेवणाबरोबर घ्यावं. रिकाम्या पोटी, नुसत्या चहाबरोबर घेतलं की शोषण लक्षणीय घटतं. पॅकेटवर मायक्रोग्रॅम लिहिलं असेल तर ४० ने गुणा: २५ मायक्रोग्रॅम म्हणजे १००० युनिट. आई आधीच कॅल्शियमची गोळी घेत असतील तर तिच्यात २५० ते ५०० युनिट डी३ बहुधा असतंच. तेही बेरजेत धरा. देखरेखीशिवाय रोज ४,००० च्या वर जाऊ नये. वजन खूप जास्त असेल, किंवा फेनिटोइन, कार्बामाझेपिन ही फिट्सची किंवा रिफॅम्पिसिन हे क्षयरोगाचं, अशी औषधं चालू असतील, तर नेहमीच्या दुप्पट-तिप्पट डोस लागू शकतो, पण तो डॉक्टरांनी ठरवायचा. रोजची गोळी विसरली जात असेल तर रविवारी ७,००० युनिट एकदम घेणं चालतं. ती मोठ्या डोसमध्ये मोडत नाही.

कॅल्शियमचं गणित वेगळं करा. या वयात अन्न आणि गोळ्या मिळून दिवसाला १,२०० मिलिग्रॅम पुरे. दूध, दही, पनीर नीट खाल्लं जात असेल तर एक गोळी, कधी तीही नको. लेबलवर ‘कॅल्शियम कार्बोनेट १,२५० मिलिग्रॅम’ असेल तर त्यात खरं कॅल्शियम ५०० च असतं. एका वेळी ५०० ते ६०० पेक्षा जास्त नीट शोषलं जात नाही. कार्बोनेट जेवणाबरोबरच घ्यायचं. पॅन्टोप्रॅझोलसारखी आम्लपित्ताची गोळी रोज चालू असेल तर सायट्रेट बरं, कारण त्याला पोटातल्या आम्लाची गरज नसते. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तासांचं अंतर ठेवा, नाहीतर थायरॉइडचा रिपोर्ट बिघडतो आणि डोस विनाकारण वाढवला जातो. हे मी इतकं वारंवार पाहतो की ते मुद्दाम लिहितोय.

अजून एक गोंधळ. कॅल्सिट्रिऑल आणि अल्फाकॅल्सिडॉल ही साध्या कमतरतेची औषधं नाहीत. मूत्रपिंड खूप कमजोर असेल किंवा पॅराथायरॉइड ग्रंथीच काम करत नसेल तर ती दिली जातात. साध्या कमतरतेत ती घेतली तर २५-हायड्रॉक्सीचा आकडा हलतही नाही, आणि ‘औषध घेऊनही वाढत नाही’ म्हणून डोस वाढवत गेलं की कॅल्शियम चढतं. ०.२५ मायक्रोग्रॅमच्या छोट्या कॅप्सूल घरात असतील तर आधी नाव वाचा.

वडिलांबद्दल. वय ८२, त्रास नाही, तर पातळी मोजून निर्णय बदलणार नाही. रोज ८०० ते १००० युनिट द्यायचंच आहे. पण हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन ही लघवीवाटे कॅल्शियम जाणं कमी करणारी औषधं त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीत असतील तर सुरू करण्याआधी आणि दोन-तीन महिन्यांनी कॅल्शियम तपासा, आणि कॅल्शियमची वेगळी गोळी देऊ नका. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध चालू असेल तर हीच काळजी दुप्पट घ्या, वाढलेलं कॅल्शियम हृदयाची लय बिघडवतं. कधी मूतखडा झाला असेल, कॅल्शियम आधीच वरच्या कडेला असेल, सारकॉइडोसिस (फुफ्फुसांत आणि इतरत्र सुजेच्या गाठी होणारा आजार) असेल किंवा क्षयरोगाचे उपचार चालू असतील, तर डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय एक गोळीही नको. सारकॉइडोसिस आणि क्षयरोगातल्या गाठींमधल्या पेशी व्हिटॅमिन डी स्वतःच सक्रिय करत राहतात आणि छोट्या डोसनेही कॅल्शियम चढू शकतं.

विषबाधा रोजच्या १००० युनिटने होत नाही. ती होते आठवड्याची ६०,००० ची पुडी गैरसमजाने रोज घेतल्याने, दोन डॉक्टरांनी दोन नावांनी तेच औषध दिल्याने, किंवा अंगदुखीसाठी सहा लाखांची इंजेक्शनं एकामागून एक घेतल्याने. थेंबांमध्येही चूक होते: काही बाटल्यांत ४०० युनिट एका थेंबात असतात, काहींत एका मिलिलिटरमध्ये. तहान वाढणं, लघवी वारंवार होणं, बद्धकोष्ठता, मळमळ, भूक जाणं, आणि वृद्धांमध्ये विशेषतः गोंधळल्यासारखं बोलणं, झोपाळूपणा ही लक्षणं. यातलं काही दिसलं तर व्हिटॅमिन आणि कॅल्शियम दोन्ही त्याच दिवशी बंद करून कॅल्शियम आणि क्रिएटिनिन तपासा. पातळी बहुधा १५० च्या वर सापडते, आणि चरबीतला साठा संपेपर्यंत त्रास आठवडे, कधी महिने चालतो. घरात उरलेल्या आठवड्याच्या पुड्या आजच वेगळ्या काढून टाका, म्हणजे रोजच्या गोळ्यांच्या डब्यात त्या येणार नाहीत.

आईंच्या पडण्याचं खापर मात्र फक्त १७ वर फोडू नका. डी३ ने आईंचं पडणं थांबेल असं मी सांगणार नाही, ८०० ते १००० युनिटने सर्वसाधारण वृद्धांचं पडणं कमी झालेलं दिसलेलं नाही. दोन्ही वेळा त्या कुठे, किती वाजता, काय करताना पडल्या ते लिहून काढा. रात्री लघवीला उठताना पडल्या असतील तर आधी आडवं असताना आणि मग उभं राहिल्यावर एक आणि तीन मिनिटांनी रक्तदाब मोजा; वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने घसरत असेल तर रक्तदाबाच्या औषधाची वेळ किंवा डोस बदलावा लागेल. झोपेची गोळी, मोतीबिंदू, टाचेला न बसणारी चप्पल, बाथरूमची ओली फरशी हे एकेक तपासा. आणि खुर्चीतून उठण्या-बसण्याचाच व्यायाम दिवसातून दोनदा, आधी हाताच्या आधाराने, मग आधाराशिवाय, पाचापासून दहापर्यंत वाढवत न्या. तोल सांभाळण्याचा सराव फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या. पडणं कमी करण्याचा सगळ्यात भक्कम पुरावा याच व्यायामाचा आहे.

आईंची पुढची तपासणी रोजचा डोस सुरू केल्यापासून तीन महिन्यांनी, त्याच लॅबमध्ये, व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम दोन्ही. त्याआधी मोजून उपयोग नाही, पातळी स्थिरावलेली नसते. २० च्या वर आली तर पुन्हा मोजायची गरज नाही, डोस तसाच ठेवा. तीन महिने न चुकता घेऊनही २० च्या खालीच राहिली तर आधी गोळ्यांची रिकामी पाकिटं मोजा, मग जेवणाबरोबर घेतात का ते विचारा, आणि दोन्ही ठीक असेल तर आतड्याच्या शोषणाची आणि यकृताची तपासणी करायला डॉक्टरांना सांगा.